आमची वाटचाल: आधी पाणी, मग पोल

आमच्या काचा साफ करायच्या लाइनमध्ये नवीन आलेला पोरगा फोन करतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, दादा पोल (खाली उभं राहून वरची काच धुवायचा ब्रशवाला लांब दांडा) कुठला वापरता, किती फुटी, कार्बन की ग्लास फायबर. पाणी कुठलं वापरता हे आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही. आणि आमचा धंदा एकदा बसायला आला होता तो पाण्यामुळेच, तेही दुसऱ्याच्या पाण्यामुळे, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

सुरुवात साधी. 2011 ला मी आणि पार्टनर (वयाने मोठा, म्हणून सगळे त्याला भाऊच म्हणतात) एका हाउसकीपिंग कंपनीतून बाहेर पडलो आणि लोअर परळ, वरळी साइडला शोरूमच्या काचा साफ करायची कामं घ्यायला लागलो. मिलच्या जागेवर काचेची ऑफिसं उभी राहत होती. भाऊचे वडील त्यातल्याच एका मिलमध्ये साचेखात्यात (कापडाच्या मागांवर) होते आणि मुलगा त्याच गेटमधून बादली घेऊन आत जायचा, यावर तो स्वतःच सगळ्यात जास्त जोक मारायचा. सामान म्हणजे शिडी, बादल्या आणि भाऊची पितळी स्क्वीजी, म्हणजे काचेवरचं पाणी ओढायची रबरी पट्टीची मूठ, जिला तो कोणाला हात लावू द्यायचा नाही. एत्तोरे स्टेकोने नावाच्या इटालियन माणसाने अमेरिकेत 1936 साली जी पेटंट केली तिच्यात आणि आजच्या स्क्वीजीत फारसा फरक नाही, त्याची गरजही पडली नाही. ग्राउंड फ्लोअरला आणि आतल्या बाजूने आम्ही अजून तीच मारतो. रबर मात्र वेळेवर बदला, धार गेलेल्या रबराने काम करून वर काचेला नावं ठेवणारे मी भरपूर बघितलेत.

मग 2015 ला ओल्या टाइलवर आमच्या एका पोराची शिडी सरकली. मनगटावर निभावलं, पण भाऊ त्या दिवसापासून शिडीच्या विरोधात गेला तो गेलाच. इंग्लंडमध्ये 2005 साली उंचीवरच्या कामाचे नियम आले, की जे काम जमिनीवर उभं राहून होऊ शकतं त्यासाठी माणूस वर चढवायचाच नाही, आणि तिथे काचेवाले पोलकडे वळले, हे त्यानेच कुठूनतरी शोधून काढलं. आधी जुगाड केला, नागदेवीच्या बाजारातून अ‍ॅल्युमिनियमचे पाइप आणले, वर ब्रश बांधला, नळी बाहेरून टेपने चिकटवली. तो पाइप आधी वाकायचा आणि ब्रश नंतर सरकायचा, दुपारपर्यंत पोरांचे खांदे जायचे.

शेवटी 2016 ला इंग्लंडहून कार्बन फायबरचा 35 फुटी पोल मागवला. सहार विमानतळाच्या कार्गोतून सोडवताना क्लिअरिंग एजंटने विचारलं, मासेमारीचा धंदा आहे का. ड्यूटी धरून जी किंमत झाली त्यात तेव्हा एक जुनी व्हॅन आली असती आणि भाऊच्या घरी त्यावरून काय काय झालं ते इथे लिहीत नाही. पण पूर्ण उघडून हातात घेतला आणि दोघंही गप्प झालो. हलका, ताठ, खालून मनगट फिरवलं की वर ब्रश तेवढाच फिरतो. ब्रश नायलॉनचा, मध्ये दोन जेट, मानेला गूजनेक, ज्याचा अँगल बदलून ब्रश छज्जाच्या आत घालता येतो. नळी पोलच्या आतून, खाली ट्रॉलीवर 12 व्होल्टचा पंप आणि बॅटरी. पोल रोज संध्याकाळी सेक्शन सेक्शन काढून पुसा. मुंबईत सगळीकडे सिमेंटची धूळ, ती आत गेली की सेक्शन एकमेकांवर घासून कार्बन खाल्लं जातं. आणि कृपा करून तेल लावू नका, तेलाला धूळ अजून चिकटते. क्लॅम्प पण आवळून आवळून पिळू नका, नुसता बसला पाहिजे.

आता पाणी. पोलच्या कामात काच पुसायची नसते हे क्लायंटला पचतच नाही. ब्रशने घासायची, वरून धुवायची आणि ओली सोडून पुढे जायचं. पाण्यात क्षार शिल्लकच नसतील तर सुकल्यावर काचेवर डाग कशाचा पडणार? त्यासाठी पाणी डीएम पाहिजे, म्हणजे क्षार काढलेलं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य. आपल्याकडे भातसा, तानसा, वैतरणाचं जे महापालिकेचं पाणी येतं ते मुळात गोडं, मीटर शंभरच्या खालीच दाखवतो. असं पाणी सरळ रेझिनच्या (क्षार ओढून घेणारे बारीक दाणे) टाकीतून सोडलं की झालं, आरओ लागतच नाही, आणि 25 लिटर रेझिन आरामात आठवडेच्या आठवडे चालतं. पण बिल्डिंग टँकरवर असेल तर विषय संपला. टँकर म्हणजे बोअरचं पाणी, हजाराच्या आसपास टीडीएस मी स्वतः कितीदा बघितलाय, सकाळी भरलेलं रेझिन संध्याकाळी खलास. रेझिनच्या आधी आरओ लावला तर रेझिन वाचतं पण पाण्याचा मोठा हिस्सा गटारात जातो आणि बूस्टर पंप लागतो तो वेगळा. रेझिन मेलं की सडलेल्या मच्छीचा वास मारतं हे माहीत नसेल तर माहीत करून घ्या, अंधेरीला एका रिसेप्शनिस्टने आमच्या पोराला विचारलं होतं की डब्यात बोंबील आणलेत का.

इथे पारल्याच्या डॉक्टर मॅडमबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. डोळ्यांचं हॉस्पिटल, चार मजली, रस्त्याकडची सगळी बाजू काचेची. बाकी ठिकाणी डेमो दिला की लोक म्हणायचे, पुसणार कधी? मॅडमनी आमचं पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, म्हणजे आमच्या ऑटोक्लेव्हला (हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं मशीन) घालतो तसलंच पाणी ना? तिथे पण साधं पाणी घातलं की आत पांढरा थर धरतो आणि हत्यारांवर डाग येतात. मग त्यांनी लॅबमधून दोन काचपट्ट्या मागवल्या. एकीवर बिल्डिंगच्या टाकीतल्या पाण्याचा थेंब, दुसरीवर आमच्या पाण्याचा, आणि दोन्ही खिडकीत उन्हाला ठेवल्या. आम्ही चहा घेईपर्यंत सुकल्या. टाकीच्या थेंबाची कडा पांढरी, खडूने गोल काढल्यागत, आणि दुसऱ्या पट्टीवर थेंब कुठे टाकला होता तेच सापडेना. मॅडम म्हणाल्या, हे कोटेशनला जोडत जा. तेव्हापासून प्रत्येक डेमोला आमच्या बॅगेत काचपट्ट्या असतात. त्यांनी आजपर्यंत रेटवरून एकदाही घासाघीस केली नाही आणि पेमेंट दहा तारखेच्या आत. मोठमोठ्या कॉर्पोरेटवाल्यांनी त्यांच्याकडे ट्रेनिंगला जावं.

नंतरची दोन-अडीच वर्षं कामं येत गेली, माणसं वाढली, जोगेश्वरीला गाळा घेतला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

2019. अंधेरी ईस्टला एक ऑफिस पार्क होता, सगळ्या बिल्डिंगा पाच मजल्यांच्या आत, पोलसाठीच बांधल्यासारख्या. दोन बिल्डिंगा आमच्याकडे होत्या, बाकीच्यांची एएमसी (वर्षभराचं कंत्राट) निघाली. आम्ही कोटेशन दिलं. एका हाउसकीपिंगवाल्याने, नाव घेत नाही, लाइनमधले ओळखतील, आमच्या निम्म्याहून कमी रेट टाकला. एल वन म्हणजे एल वन, सगळ्यात कमी रेट ज्याचा काम त्याला. तोपर्यंत आमचं काही म्हणणं नव्हतं, धंदा आहे. पण या महाशयांनी काय केलं, सोलर पॅनल धुवायचे स्वस्तातले ब्रशपोल आणले, आमच्यासारखीच निळी टी-शर्ट पोरांना घातली आणि पार्कच्या टाकीचं पाणी सरळ नळीला जोडलं. मे महिना, पार्क पूर्ण टँकरवर. ऊन असं की पाणी काचेवर सुकत सुकतच खाली येत होतं. दोन दिवसांत पश्चिमेकडची सगळी काच ठिपक्यांनी भरली, लांबून बघितलं तरी मळकट दिसायची.

इथेही थांबला असता तर डाग निघाले असते. यांनी काय करावं, टॉयलेटचे टाइल धुवायचं अ‍ॅसिड पातळ करून त्याच ब्रशने मारलं. काचेवरचे डाग थोडे कमी झाले असतील, पण अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमचं अ‍ॅनोडायझिंग गेलं, खाली ओघळ आले तिथे पांढरे पट्टे, ते आता मालकाने फ्रेम बदलल्याशिवाय जाणार नाहीत. आणि बिल कोणाच्या नावावर फाडलं? पोलच्या. पार्कच्या फॅसिलिटी मॅनेजरने त्यांच्या मॅनेजर लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकले, खाली लिहिलं की पोलवालं काम कोणी देऊ नका, काच डागाळते. त्यात एका फोटोच्या कोपऱ्यात निळा टी-शर्ट. झालं. महिन्याभरात आमच्या एएमसी एकामागून एक बंद. फोन केला की म्हणायचे, तुमचं काम चांगलं आहे हो, पण वरून नको म्हणतायत. मी काचपट्ट्या घेऊन ऑफिसं फिरलो, सिक्युरिटीच्या पुढे जाऊ दिलं नाही. त्या मॅनेजरना मेल केला, त्यात पाण्याचे रीडिंग, फोटो, सगळं. उत्तर आलं नाही, अजून आलेलं नाही.

गाळ्याचं भाडं थकलं. भाऊने घरातलं सोनं ठेवून पोरांचे पगार केले आणि ते मला नंतर वहिनींकडून कळलं. दुसरा पोल, 60 फुटी, जेमतेम वापरलेला, पुण्याच्या एका पार्टीला पडेल त्या भावाने दिला. त्या सगळ्या काळात काम कायम ठेवलं ते फक्त पारल्याच्या मॅडमनी, आणि वर शेजारच्या पॅथॉलॉजी लॅबवाल्यांना आणि ओळखीच्या दोन नर्सिंग होमना स्वतः फोन करून सांगितलं. हॉस्पिटलवाल्यांना पाण्याचं समजवावं लागत नाही हे आम्हाला तिथे कळलं आणि आज आमचं निम्मं काम हॉस्पिटल आणि लॅबचं आहे. लॉकडाउनमध्ये ऑफिसं बंद होती तेव्हा आम्ही त्यांच्याच जोरावर तरलो.

फुकटचा सल्ला देतो, घ्यायचा तर घ्या. काम घ्यायच्या आधी बिल्डिंगच्या नळाचं रीडिंग स्वतः घ्या, वॉचमनला विचारून नाही, महापालिकेची आणि टँकरची टाकी कुठेकुठे एकच असते. उन्हाळ्यात आपलं पाणी गाळ्यातून टाकीत भरून न्या, डिझेल परवडतं, रेझिन नाही. आधी फ्रेम धुवा मग काच, नाहीतर फ्रेममधला काळा ओघळ नंतर खाली येतो आणि क्लायंट दुपारी फोटो पाठवतो. समुद्राकडच्या बिल्डिंगला घासायच्या आधी नुसतं पाणी मारून मीठ भिजू द्या. स्लायडिंग खिडक्या आतून लॉक आहेत का ते प्रत्येक मजल्यावर जाऊन बघा, पाणी आत गेलं की कोणाचा ना कोणाचा लॅपटॉप तिथेच असतो. रेल्वेलाइनच्या कडेची बाजू सोडून द्या, ओव्हरहेड वायरमध्ये 25,000 व्होल्ट आहेत आणि कार्बनमधून करंट जातो, कुठलंच बिल त्यापेक्षा मोठं नाही. सोसायट्यांच्या मागे लागू नका, सगळ्यांना बाहेर बॉक्स ग्रिल, ब्रश काचेपर्यंत पोचतच नाही आणि सेक्रेटरी वर्षभर मीटिंगला बोलावतो. आणि सहाव्या मजल्याच्या वर पोल फक्त फोटोत चांगला दिसतो, ते काम दोरावर लटकून काम करणाऱ्या रोपवाल्यांना द्या, त्यांना पण पोट आहे.

2025 च्या एप्रिलमध्ये टँकरवाल्यांचा संप झाला तेव्हा पवईला एक काम चालू होतं. आम्ही पाणी आमचं आणलेलं, तरी येणारी जाणारी माणसं थांबून बोलायची, इथे प्यायला पाणी नाही आणि तुम्ही काचा धुताय. त्यांचंही बरोबर होतं, काम बंद करून टाकीत उरलेलं पाणी वॉचमनच्या बादल्यांत ओतलं. सांगितलं की पिऊ नका, भांड्याला वापरा.

त्याच आठवड्यात एक फोन आला. नंबर सेव्ह नव्हता पण आवाज ओळखला, तोच निम्म्या रेटवाला. आता त्याच्याकडे पण कार्बन पोल आहेत, अंधेरीतच एका क्लायंटने त्याला टीडीएस विचारला म्हणे, आणि आमच्या काचपट्ट्या आता तोही दाखवत फिरतो हे मला दुसरीकडून कळलंच होतं. म्हणाला, साहेब रेझिन कुठून घेता? भाऊ शेजारीच बसला होता, त्याने फोन घेतला आणि म्हणाला, रेझिनची कटकट कशाला करता, डीएम पाणी आमच्याकडून न्या, लिटरवर रेट लावतो. रेट काय लावला ते भाऊ मलाही नीट सांगत नाही. तेव्हापासून त्याचा टेम्पो आठवड्याला जोगेश्वरीला गाळ्यावर येतो, पाणी भरतो, आमच्या पोरांशी गप्पा मारतो. दोन महिन्यांचं बिल बाकी आहे त्याच्याकडे, उद्या परत फोन करायचाय.