लहान मुलांना निषेध समजावताना

मोर्चा दिसला की चार-पाच वर्षांचं मूल विचारतं, "हे का ओरडतायत?" "रागावलेत" एवढंच सांगून विषय संपवू नका. त्या वयात मोठ्यांचा राग म्हणजे भांडण, त्यामुळे मूल घाबरतं. त्यापेक्षा तीन गोष्टी सांगा: यांना काय खुपतंय, ते बदलणं कुणाच्या हातात आहे आणि त्याने नेमकं काय करावं.

यानंतर हमखास प्रश्न येतो, मग मी हट्ट केला तर चालेल? इथे झोपाळा कामाला येतो. "मलाच बसायचंय" हा हट्ट. "एकच जण कधीचा बसलाय, आम्हालाही पाळी मिळू दे" हा निषेध. हा फरक मुलांना पटकन कळतो, कारण पाळी चुकल्याचं दुःख त्यांना चांगलंच ठाऊक असतं.

निषेध म्हणजे घोषणाच, असं मात्र मनात बसू देऊ नका. महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतची माणसं चवदार तळ्यावर चालत गेली आणि ओंजळीने पाणी प्यायली. तळं सगळ्यांचं असूनही त्यांना तिथे पाणी घेऊ देत नव्हते. ओंजळ करून दाखवा, मुलं लगेच तशी ओंजळ करतात. "मग दुसऱ्या दिवशी सगळं ठीक झालं?" या प्रश्नाला खरं उत्तर द्या: नाही. लोकांना मारहाण झाली, प्रकरण कोर्टात गेलं आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये लागला. मारहाणीचे तपशील सात-आठ वर्षांपर्यंत नकोत, पण दहा वर्षं लागली हे लपवू नका. नाहीतर मूल स्वतः कधी काही मागेल आणि ते लगेच मिळालं नाही, की आपलंच चुकलं असं समजेल.

फलक करायचा असेल तर मजकूर मुलाचाच हवा, तीन-चार शब्दांचा. मोठ्यांनी सुचवलेली घोषणा मूल नुसती पाठ म्हणतं. पुठ्ठ्यावर आधी पेन्सिलने पूर्ण शिरोरेषा मारून घ्या आणि शब्दांच्या जागा आखा. नाहीतर पहिला शब्द भला मोठा होतो आणि शेवटचा कडेला चेंगरतो. मग जाड मार्करने गिरवू द्या.

आणि तो फलक तुमच्याच विरोधात निघाला, "झोपायची वेळ बदला" म्हणून, तर हसण्यावारी नेऊ नका. पाच मिनिटं बसून ऐका. नाही म्हणायचं असेल तर कारण देऊन म्हणा.