एवढं चालूनही वजन का वाढलं?

रंकाळ्यावर सकाळी भेटणाऱ्या बायका अजूनही विचारतात, ‘वहिनी, रोज एवढं चालता, मोजकं खाता, मग वजन कसं वाढलं ओ?’ तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

माझं थायरॉईड मंदावलं होतं. लक्षात आलं ते पंख्यामुळं. ऐन मे महिन्यात घरातली सगळी उकाड्यानं हैराण आणि मी म्हणायची, पंखा बंद करा. केस गळत होते, पोट साफ होत नव्हतं, सकाळी डोळ्यांभोवती सूज असायची. हे सगळं ऐकल्यावर डॉक्टरांनी आधी रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉईड नीट चालतंय का ते दाखवणारं संप्रेरक, तपासायला सांगितलं.

तोवर ज्याचा त्याचा सल्ला माझ्या ताटाबद्दलच. भात बंद करा, अर्धी भाकरी कमी करा, रविवारचा तांबडा-पांढरा सोडा. याचा मला अजून राग येतो. वजन वाढलेली बाई चोरून खातच असणार, असं लोक धरून चालतात आणि हळूहळू तिलाही ते खरं वाटू लागतं. मग आधीच थकलेलं शरीर ती आणखी उपाशी ठेवते आणि तपासणी राहून जाते.

तपासणीनंतर थायरॉईडची गोळी सुरू झाली. ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, पुढं अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये 4 तास जाऊ द्यायचे, नाहीतर औषध अंगी लागत नाही. 6 ते 8 आठवड्यांनी पुन्हा टीएसएच बघून डोस ठरतो. माझं वजन त्यानं थोडं उतरलं, सगळं नाही. थायरॉईडमुळं वाढणारं वजन बहुतेकदा 2 ते 5 किलोच असतं आणि त्यात मीठ-पाण्याचाच वाटा मोठा. त्यामुळं सगळंच थायरॉईडवर घालू नका.

पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा त्रास असेल, पाळी जायचं वय असेल, झोप पुरत नसेल, तरी वजन चढतं. स्टेरॉईड, इन्सुलिन, फिट्सवरचं व्हॅलप्रोएट, मनाच्या आजारावरची काही औषधं यांनीही वाढतं. ती आपल्या मनानं बंद करायची नाहीत, डॉक्टरांना विचारायचं. गुडघेदुखीवर कुणी बिननावाची पुडी दिली, तर मात्र ती घेऊच नका. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं सापडलेलं आहे.

नव्यानं व्यायामाला लागलेल्या पोरींनी पहिल्या काही आठवड्यांत काट्याला भिऊ नये. स्नायू साखर साठवतात आणि दर ग्रॅममागं सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतात. ती चरबी नव्हे.

पण चार-पाच दिवसांतच वजन भराभर चढलं, पायावर बोट दाबलं की खळगा राहतो, आडवं झालं की दम लागतो, असं असेल तर ते हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असू शकतं. त्या दिवशी फिरायला येऊ नका, सरळ दवाखाना गाठा.