ट्युरिनमधला गुरुवार

इटलीतल्या ट्युरिन शहरात पोर्ता नुओव्हा स्टेशनाजवळ 4 नंबरची ट्राम पकडली की ती दक्षिणेकडे, ऑलिंपिक स्टेडियमच्या दिशेने निघते. नोव्हेंबर 2023. थंडी अशी की दुपारीही कोट काढवत नव्हता, आणि ट्राममध्ये जिकडे बघावं तिकडे केशरी टोप्या, केशरी मफलर. इटालियन टेनिसपटू यानिक सिनरचे केस तांबूस, शिवाय त्याने एकदा सामना चालू असताना मधल्या विश्रांतीत गाजर खाल्लं होतं. त्यावरूनच त्याचे चाहते केशरी रंगात येऊ लागले.

पुरुष टेनिसची वर्षअखेरची स्पर्धा, एटीपी फायनल्स, पाला आल्पितूरमध्ये (आता नाव इनाल्पी अरेना) होते. 2006च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या आइस हॉकीसाठी जपानी वास्तुविशारद अराता इसोझाकींनी ही इमारत उभी केली. बाहेरून पोलादी पत्र्याने मढवलेली, लांबट आणि चौकोनी. आत शिरलं की प्रेक्षक अंधारात आणि सगळा उजेड निळ्या कोर्टवर. रेषेवर पंच नाहीत. चेंडू बाहेर गेला तर पुकारा यंत्रच देतं.

वर्षभराच्या कामगिरीवर निवडलेले आठच खेळाडू इथे येतात. चार-चारचे दोन गट, गटात प्रत्येकाशी एक सामना, पहिले दोघे उपांत्य फेरीत. एरवी टेनिसमध्ये हरला तो घरी जातो. इथे हरलेला माणूस टिकून राहू शकतो आणि जिंकलेला बाहेर पडू शकतो. पहिल्या सामन्यापासून लोक कागदावर गणितं मांडत बसतात ती त्यामुळेच.

माझ्याकडे सिनर आणि जोकोविचच्या गटातल्या शेवटच्या दिवसाची, म्हणजे गुरुवारची तिकिटं होती. मंगळवारी सिनरने अव्वल क्रमांकाच्या नोव्हाक जोकोविचला 7-5, 6-7, 7-6 असं हरवलं होतं आणि शहर अजून त्याच धुंदीत होतं. गुरुवारी दुपारी जोकोविचसमोर हुबर्ट हुर्काच होता, पाठदुखीने माघार घेतलेल्या त्सित्सिपासच्या जागी आलेला. जोकोविच दोन सेटमध्ये जिंकला असता तर त्याची जागा पक्की होती. पण दुसरा सेट हुर्काचने घेतला, आणि सेटच्या हिशेबात त्याच क्षणी सिनर कोर्टवर न उतरताच उपांत्य फेरीत पोचला. या स्पर्धेच्या एकेरीत तिथवर गेलेला तो पहिला इटालियन. सभागृहात मोठा जल्लोष झाला. जोकोविचने तिसरा सेट 6-1 घेतला, सामनाही जिंकला, पण त्याचं भवितव्य आता सिनरच्या हातात होतं.

दुपारच्या आणि रात्रीच्या सत्राची तिकिटं वेगळी असतात. मधल्या वेळात मी पियाझ्झा सान कार्लो या चौकाकडे गेले आणि तिथल्या कमानींखालून चालत राहिले. ट्युरिनच्या मध्यभागात असे झाकलेले पदपथ मैलोन्‌मैल आहेत. एका कॅफेत कॉफी, चॉकलेट आणि सायीचे थर असलेलं बिचेरीन घेतलं. शेजारच्या टेबलावर चर्चा एकच: आज रात्री सिनर त्याच गटातल्या रूनशी हरला तर जोकोविच बाहेर. मग कशाला जीव काढून खेळायचं?

हा प्रश्न साधा नव्हता. जोकोविच सहा वेळचा विजेता, आणि अव्वल क्रमांकावर वर्षअखेर करण्याची त्याची ही आठवी वेळ होती. त्याला वाटेतून दूर करायला सिनरला काही करावंही लागणार नव्हतं; जरा हात सैल सोडला की काम झालं.

रात्री नऊनंतर सामना सुरू झाला. पहिला सेट सिनरने 6-2 असा सहज घेतला. दुसरा होल्गर रूनने 7-5. तिसऱ्या सेटमध्ये मी सिनरचे पायच बघत होते. प्रत्येक चेंडूसाठी तो कोपऱ्यापर्यंत धावत होता, प्रत्येक सर्व्हिस परतवताना तितकाच खाली वाकत होता. दमलेल्या, आधीच पात्र ठरलेल्या खेळाडूचे ते पाय वाटतच नव्हते. सेट 6-4, सामना त्याचा, आणि जोकोविच उपांत्य फेरीत. मी टेनिस लहानपणापासून बघते. इतका सच्चा सामना मी दुसरा पाहिलेला नाही.

पुढचं मी हॉटेलच्या टीव्हीवर पाहिलं. जोकोविचने उपांत्य फेरीत अल्कराझला 6-3, 6-2 असं हरवलं आणि रविवारी अंतिम सामन्यात सिनरला 6-3, 6-3. सातवं विजेतेपद, रॉजर फेडररपेक्षा एक जास्त. ज्याला आत घेतलं त्यानेच चषक नेला, पण त्यामुळे गुरुवारबद्दलचं माझं मत तसूभरही बदललं नाही. आठवड्याने स्पेनमधल्या मालागात, देशोदेशींच्या संघांच्या डेव्हिस कपच्या उपांत्य लढतीत सिनरने त्याच जोकोविचविरुद्ध सलग तीन मॅच पॉइंट वाचवून सामना जिंकला, आणि इटलीने 1976नंतर प्रथमच तो करंडक उचलला. ट्युरिनमध्ये 2024 आणि 2025 अशी दोन्ही वर्षं सिनर एकही सेट न गमावता विजेता ठरला.

2023च्या त्याच आठवड्यात ट्युरिनमध्ये दुहेरीत आपला रोहन बोपण्णा, वयाच्या 43व्या वर्षी, मॅथ्यू एब्डनसोबत उपांत्य फेरीपर्यंत गेला. त्याच्यासाठी तिरंगा घेऊन आलेली मंडळीही भेटली.

स्पर्धा 2030पर्यंत इटलीतच राहणार आहे. जाणार असाल तर अंतिम सामन्याच्या महागड्या तिकिटामागे लागू नका. गटातल्या शेवटच्या दोन दिवसांपैकी एक निवडा, दोन्ही सत्रांची तिकिटं काढा, आणि गुणतक्ता समजावून घेऊनच आत जा.