विमान घरचं, सीमा दोन देशांची

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमहून उड्डाण केलं की कॅनडा काही मिनिटांवर. उजवीकडे माउंट बेकरचा बर्फाचा माथा, खाली शेतं, आणि सीमा म्हणजे ‘झिरो अव्हेन्यू’ नावाचा साधा रस्ता नि शेजारची चर. पण तेवढ्या मिनिटांसाठी, म्हणजे सीमेपलीकडे चिलिवॅकला भरणाऱ्या आमच्या ‘फ्लाय-इन’साठी, गटाची तयारी महिनोन् महिने चालते. यंदा कागदपत्रांची बाजू माझ्याकडे आहे. कागदपत्रं म्हटलं की आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात, म्हणूनच हे सविस्तर लिहितेय.

फ्लाय-इन म्हणजे छोट्या विमानांच्या मालकांनी ठरलेल्या दिवशी एका धावपट्टीवर जमायचं, एकमेकांची विमानं निरखायची, जेवायचं आणि उजेड आहे तोवर परतायचं. यातला सगळ्यात मोठा मेळा विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशचा. १९५३ साली स्थापन झालेली ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ तो भरवते. आमचा मेळा अगदी छोटा. येणारी बहुतेक विमानं मालकांनी स्वतः बांधलेली. बरीचशी ओरेगनमधल्या व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही मालिकेतली, सुट्या भागांचं किट आणून वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये रिव्हेट (पत्रे जोडणारे धातूचे खिळे) ठोकून उभी केलेली.

अडचण इथूनच सुरू होते. १९४४ च्या शिकागो करारानुसार एका देशाचं उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र दुसरा देश मानतो, पण ठरलेल्या मानकांत बसणाऱ्या विमानांपुरतंच. घरी बांधलेलं विमान त्यात बसत नाही, त्यामुळे समोरच्या देशाची वेगळी परवानगी लागते. अमेरिका आणि कॅनडा यांनी यावर सुरेख तोडगा काढलाय. दोघांनीही एकमेकांच्या हौशी बांधणीच्या विमानांसाठी सरसकट परवानगीपत्र तयार ठेवलं आहे. ते छापायचं, त्यातल्या अटी वाचायच्या आणि विमानात ठेवायचं. वेगळा अर्ज नाही, कुणाच्या सहीची वाट पाहणं नाही. नागरिकावर एवढा विश्वास टाकणारं सरकारी पत्रक मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

बाकीची गणितं वेळेची. निघण्याच्या निदान ६० मिनिटं आधी अमेरिकी कस्टम्सच्या ‘ईएपिस’ या ऑनलाइन यंत्रणेत विमानातल्या प्रत्येकाची माहिती भरायची. परतताना पुन्हा तेच. कॅनडात उतरण्याआधी कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त ४८ तास त्यांच्या कस्टम्सला फोन. फ्लाइट प्लॅन चालू हवा, ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) नियंत्रकाने दिलेला कोड हवा आणि सीमा ओलांडताना रेडिओवर संपर्क हवा. आम्ही सगळे आधी कॅनडातल्या ॲबट्सफर्डला उतरतो. तिथून कॅनडाच्या कस्टम्सला फोन करायचा, मिळालेला क्रमांक लिहून घ्यायचा, मग चिलिवॅककडे. चिलिवॅकच का? तिथल्या धावपट्टीशेजारच्या हॉटेलातला ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पदार्थ) खायला वैमानिक लांबलांबून येतात, आणि ते योग्यच आहे.

खरी कसोटी परतीची. बेलिंगहॅमच्या कस्टम्सकडून प्रत्येक विमानाला उतरण्याची परवानगी फोनवर घ्यावी लागते, आणि अधिकारी येईपर्यंत कुणी विमानातून खाली पाय ठेवायचा नाही. सगळे एकदम आले तर उन्हात विमानांची रांग लागेल. म्हणून मी प्रत्येकाला वेळ नेमून दिली आहे. हळू विमानं आधी निघतील, वेगवान आरव्ही मागून. तारीखही जपून, ऑगस्ट टाळून घेतली. ऑगस्टमध्ये ॲबट्सफर्डचा १९६२ पासूनचा मोठा एअर शो असतो, शिवाय वणव्यांचा धूर. सकाळी खाली उतरलेले ढग दुपारपर्यंत हटले नाहीत, तर मेळा रद्द. एरवीही उडायचं की नाही हा निर्णय प्रत्येक वैमानिकाने स्वतः घ्यायचा, कुणाच्या आग्रहाखातर उडायचं नाही, एवढा एकच नियम मी ठळक अक्षरांत लिहिलाय.

(मध्येच एक गंमत: मिनेसोटा आणि मॅनिटोबा यांच्या सीमेवर पायनी-पाइनक्रीक नावाचा विमानतळ होता, आता तो बंद झालाय. त्याची धावपट्टीच थोडी या देशात, थोडी त्या देशात!)

हे करताना कॅप्टन अमोल यादव सतत आठवतात. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, नोंदणी मिळाली २०१७ मध्ये, आणि उडवण्याची परवानगी २०१९ मध्ये. इथे अमेरिकेत अशा विमानांसाठी नेमका वर्ग ठरलेला आहे: अर्ध्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असावं, तपासणी व्हावी, साधारण ४० तास चाचणी उड्डाणं व्हावीत, मग प्रवासी. नियम भरपूर आहेत, पण पुढची पायरी कोणती हे पहिल्याच दिवशी कळतं. आपल्याकडच्या हुशार हातांना एवढं तरी मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आमच्याबरोबर विमानातून यायचं असेल आणि तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर कॅनडाचा व्हिसा आधीच काढा. ग्रीन कार्ड असेल तर ते आणि पासपोर्ट पुरे. व्हँकुव्हरकडची मराठी मंडळी रस्त्यानेच चिलिवॅकला येऊ शकतात. मुलांना जरूर आणा. ज्याने विमान बांधलं तो माणूस शेजारीच उभा असतो, आणि कुठला रिव्हेट कुणी धरला होता इथपासून सगळं सांगायला तो तयार असतो.