५.३ की ६.४?

लातूरच्या आमच्या सीटी सेंटरवर दोन एआय सॉफ्टवेअर एकदमच ट्रायलवर आली होती. छातीच्या सीटीत नोड्यूल, म्हणजे फुफ्फुसातल्या बारीक गाठी, शोधायचे, एवढंच काम. मालक म्हणाले, "मॅडम, जे जास्त शोधेल ते घेऊ." मी कपाळाला हात लावला.

जास्त शोधणारं पहिलंच होतं. एकेका स्कॅनवर संशयित जागांभोवती दहा-पंधरा चौकटी. त्यातल्या निम्म्या जुन्या क्षयाच्या खुणा, वरच्या खंडातले चुना धरलेले ठिपके. रक्तवाहिनीला फाटा फुटतो तिथेही चौकट. आपल्याकडे असल्या खुणांच्या छात्या रोजच्याच. प्रत्येक चौकट उघडून बाद कोण करणार? मीच. दुसरं मितभाषी, चुना धरलेलं सोडून द्यायचं, पण फुफ्फुसावरणाला चिकटलेलंही कधी कधी सोडायचं. आणि ५ मिलिमीटरच्या जाड स्लाइस, म्हणजे सीटीचे काप, दिल्या की दोन्ही सारखीच आंधळी. बाहेरून येणाऱ्या सीडीत नेमक्या त्याच असतात. डिस्क भरते म्हणून पातळ डेटा पुसून टाकतात, यावर मी कितीदा भांडलेय.

दसऱ्याच्या आसपास धारूरकडचे एक मामा आले. ऊसतोड कामगार, पन्नाशी उलटलेली, विडी चालू, खोकला हटत नव्हता. १ मिलिमीटरच्या स्लाइस घेतल्या. उजव्या खालच्या खंडात एक घन नोड्यूल, दोन्ही सॉफ्टवेअरना सापडला. पण आकार? पहिलं म्हणे ६.४ मिलिमीटर, दुसरं ५.३.

फ्लायश्नर सोसायटी ही छातीच्या स्कॅनतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या २०१७च्या सूचनांप्रमाणे ६ मिलिमीटरच्या आत असेल तर विडीवाल्यालाही १२ महिन्यांनी सीटी ऐच्छिक. ६ ते ८ असेल तर ६ ते १२ महिन्यांत करायचाच. म्हणजे मामांनी परत यायचं की नाही, हे सॉफ्टवेअरवर!

झूम करून बघितलं. एक बारीक वाहिनी नोड्यूलला येऊन टेकली होती. पहिल्याने तिचं टोक नोड्यूलमध्येच धरलं होतं; दुसऱ्याने ते छाटताना नोड्यूलची कडाही थोडी खाल्ली होती. मी लांबी-रुंदी मोजून सरासरी काढली, ६ आली. रिपोर्टात तेच लिहिलं आणि सहा महिन्यांनी या म्हणून सांगितलं.

"मॅडम, मुकादमाची उचल घेतलीया. आता पट्टा पडल्याबिगर येणं हुईना," मामा म्हणाले. उचल म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, आणि पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. सहा महिन्यांचा हिशेब जुळत होता, मीही मान डोलावली.

डोक्यातून जात नाही ते वेगळंच. व्यासात हा फरक मिलिमीटरभराचा, पण घनफळात पावणेदोन पट. घनफळ २५ टक्के वाढलं तरी नोड्यूल वाढला असं धरतात. आज दुसऱ्याचं ५.३ नोंदवलं आणि पुढच्या खेपेला पहिल्याने ६.४ दाखवलं, तर तसूभरही न वाढलेल्या नोड्यूलपायी मामा बायोप्सीच्या टेबलावर. म्हणून रिपोर्टात माझ्या ६ सोबत दोन्ही आकडे सॉफ्टवेअरच्या नावासकट टाकले आणि पातळ स्लाइसची सीडी मामांच्या हातात दिली. "पिशवीत नको, घरी पत्र्याच्या पेटीत ठेवा," असं मामींना दोनदा बजावलं.

मालकांची घासाघीस अजून चालूच आहे. काल विचारत होते, तिसरी कंपनी स्वस्तात देतेय, बघायची का?