ल्युकोप्लाकिया या एका शब्दापायी जर्नल तीनदा परत आलं

ओरल पॅथॉलॉजीचं, म्हणजे तोंडाच्या आजारांच्या अभ्यासाचं, माझं प्रॅक्टिकलचं जर्नल तीनदा परत आलं. आकृत्यांत कुणी काही खोट काढली नाही, जांभळी केंद्रकं, गुलाबी केराटिन (पेशींच्या वरचा कडक थर), सगळं पहिल्याच खेपेला चाललं. अडलं ते एका ओळीवर. एका स्लाइडच्या आकृतीखाली, सूक्ष्मदर्शकीय निदान म्हणून, मी लिहिलं होतं 'ल्युकोप्लाकिया'.

त्याभोवती लाल गोल आणि बाजूला 'पुन्हा पाहा'. एवढंच. काय पाहा? पहिल्यांदा मला वाटलं स्पेलिंग चुकलं. दुसऱ्या खेपेला केराटिनचा थर जाड दाखवून आकृती नव्याने काढली. तिसऱ्या खेपेला अख्खी व्याख्या खाली उतरवून काढली. दर वेळी तोच लाल गोल. विभागाच्या दाराशी दुपारभर उभं राहायचं, जर्नल तपासणाऱ्या मॅडम क्लिनिकमध्ये असायच्या, जर्नल शिपायाकडे ठेवून परतायचं. सबमिशनची तारीख जवळ येत होती आणि बाकीच्यांच्या सह्या झाल्या होत्या. एक वाक्य कुणी बोललं असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते, याचा राग मला अजून आहे. चुकलंय हे सांगून भागत नाही, कुठल्या जातीची चूक आहे तेही सांगायला हवं.

ते वाक्य शेवटी एका सीनियर ताईंनी सांगितलं : "ल्युकोप्लाकिया तोंडात दिसतो, स्लाइडवर नाही." पांढरा चट्टा पुसून निघत नाही आणि दुसऱ्या कुठल्याही ज्ञात आजारात बसत नाही, तेव्हा त्याला हे नाव देतात. जागतिक आरोग्य संघटनेची १९७८ ची व्याख्याही हेच सांगते, आणि मी तीच उतरवून काढली होती, न समजता! त्याच चट्ट्याचा तुकडा काचेवर आला की कधी नुसता हायपरकेराटोसिस (केराटिनचा थर जाड होणं) दिसतो, कधी सोबत अकँथोसिस (त्याखालचा पेशींचा थर जाड होणं), कधी डिस्प्लेझिया (पेशींची ठेवण बिघडणं), आणि क्वचित चक्क कार्सिनोमा, म्हणजे कर्करोग. लिहायचं ते हे.

त्या रात्री वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे डोळ्यांना दिसणारं : मॅक्यूल (सपाट डाग), पॅप्युल (छोटा उंचवटा), व्हेसिकल, बुला, अल्सर. उजवीकडे सूक्ष्मदर्शकाखालचं. चौथ्या खेपेला त्या ओळीत 'हायपरकेराटोसिस आणि अकँथोसिस, डिस्प्लेझिया नाही' असं लिहिलं आणि सही मिळाली. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

व्हेसिकल आणि बुला दोन्ही पाण्याचे फोडच. आम्हाला शिकवलेली सीमा ५ मिलिमीटरची, तिच्या आत व्हेसिकल, पुढे बुला. इरोजनमध्ये एपिथेलियम (पेशींचं वरचं आवरण) वरवर जातं, अल्सरमध्ये पूर्ण जाडीचं जातं.

अकँथोसिस आणि अकँथोलायसिस ही जोडी मात्र सगळ्यांनाच फसवते. ग्रीकमध्ये 'अकँथा' म्हणजे काटा, आणि दोन्ही शब्द काटेरी पेशींच्या थराबद्दलच आहेत. पहिल्यात तो थर जाड होतो. दुसऱ्यात पेशींनी एकमेकींचे धरलेले हात सुटतात आणि त्या गोल होऊन द्रवात तरंगतात, पेम्फिगस या फोडांच्या आजारात दिसतं तसं. 'लायसिस' म्हणजे सुटणं, एवढं लक्षात ठेवलं तर गोंधळ उरत नाही.

हो, आणि डिस्प्लेझिया लिहाल तेव्हा सौम्य, मध्यम की तीव्र हे लिहिल्याशिवाय जर्नल देऊच नका. बदल एपिथेलियमच्या खालच्या तिसऱ्या भागापुरते आहेत, मधल्या भागापर्यंत चढलेत की त्याच्याही वर गेलेत, हे आधी बघायचं, मग पेशी किती बिघडल्यात ते. बेसमेंट मेम्ब्रेन (एपिथेलियमखालचा पातळ पडदा) शाबूत आहे का, हेही त्याच ओळीत टाका. तोंडी परीक्षेत मला पहिला प्रश्न त्याचाच आला होता, आणि तेव्हा उत्तर तयार होतं.