उधारीची वही आणि म्हस

करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात माझं किराणा दुकान आहे. 20 वर्षं गल्ल्यावर बसून एक कळलंय: गाव उसाचं असलं तरी दुकान चालतं म्हशीवर.

आडसाली ऊस लावला की तोड यायला 16 ते 18 महिने. तोडीनंतर 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, कारखान्यानं द्यायची, असा कायदा आहे. पण पैसे येतात ते आधीच वाटे पडून. सोसायटीचं कर्ज, खत, ट्रॅक्टरचा हप्ता. चहापुडीला त्यातलं काही उरत नाही.

दुधाचं बिल दर 10 दिवसांनी. म्हशीचा दर 6 फॅट, 9 एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग) धरून, पुढं फॅट लागेल तसा वर-खाली. दूध संस्थेतनं उचललेली पेंड आधी कापून घेतात. हातात येतं ते थोडंच, पण बिलाच्या संध्याकाळी दुकानात उभं राहायला जागा नसायची. सगळ्या बायकाच. पदराच्या गाठीतनं नोटा काढायच्या, "माझं नाव खोड बघू आधी" म्हणायच्या, आणि मी नावावर आडवी रेघ मारली की मगच पुढचं सामान.

"नसायची" म्हणतोय, कारण आता बिल बँकेत जातं. हिशोब चोख झाला, हे खरंच. पण शेण काढणारी, धार काढणारी ती आणि सभासद तो, असं निम्म्या घरांत आहे. एटीएम कार्ड त्याच्या खिशात. मागची बाकी हल्ली उशिरा मिटते, ती त्यामुळं. सभासदत्व बाईच्या नावावर असावं, एवढं मी येईल त्याला सांगतो. ऐकणारे कमी.

कुणाची म्हस भाकड गेली हे मला डॉक्टरांच्या आधी कळतं. पहिल्यांदा बिस्किटं बंद होतात, मग खोबरेल बारक्या पुडीवर येतं, मग वहीचं पान भरतं. वरच्या आळीच्या एका आक्कांचं असंच तीन महिने भरत चाललेलं. मीही विचारलं नाही.

परवा सकाळी त्यांची नात झाकलेलं पातेलं घेऊन आली. आत चीक.

"आज्जीनं सांगितलंय, रेडी झाली. आणि बिस्किटाचा पुडा द्या, लिहून ठेवा."